म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत तीन रंग: इम्युनोस्टेनिंगसाठी डाय निवडताना

प्रश्न असा आहे. अठरा महिन्यांच्या उंदरांच्या मेंदूचे ४० मायक्रॉन जाडीचे सेक्शन, म्हणजे काप, आहेत आणि त्यांत तीन प्रथिनं इम्युनोस्टेनिंगने, म्हणजे चमकणारा डाय जोडलेल्या अँटिबॉडींनी, एकाच वेळी पाहायची आहेत: सी-फॉस (नुकत्याच उद्दीपित झालेल्या चेतापेशींतलं), न्यूएन (चेतापेशींच्या केंद्रकांतलं) आणि जीएफएपी (ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींतलं). सी-फॉसची प्रायमरी (प्रथिनाला थेट पकडणारी अँटिबॉडी) सशातली, न्यूएनची उंदरातली ए६० क्लोनची, जीएफएपीची कोंबडीतली. फ्रिजमध्ये एफआयटीसी (फ्लुओरेसिनचा हिरवा डाय) आणि टीआरआयटीसी (रोडामाइनचा लाल डाय) लावलेल्या जुन्या सेकंडरी (प्रायमरीला पकडणाऱ्या अँटिबॉडी) आहेत, पण हिरवा रंग फोकस जुळवेपर्यंत उडून जातो. कॉन्फोकल या लेझरने स्कॅन करणाऱ्या मायक्रोस्कोपला ४०५, ४८८, ५६१ आणि ६४० नॅनोमीटरचे लेझर आहेत. विभागात पाऱ्याच्या दिव्याचा एक जुना मायक्रोस्कोपही आहे. नव्या सेकंडरींसाठी पैसे एकदाच मिळणार आहेत. सगळ्यात चमकदार आणि टिकाऊ डाय कोणते घ्यावेत, आणि एका मैत्रिणीने सुचवलेला ॲटो ६४७एन घ्यावा का?

आधी उत्तर देते. जीएफएपीला अलेक्सा फ्लोअर ४८८, न्यूएनला अलेक्सा फ्लोअर ५६८, सी-फॉसला अलेक्सा फ्लोअर ६४७ आणि केंद्रकांसाठी डॅपी हा डीएनएला चिकटणारा निळा डाय. ॲटो ६४७एन या प्रयोगात नको. आणि सगळे पैसे सेकंडरींवर संपवू नका, चांगल्या माउंटिंग मीडियमसाठी (सेक्शनवर काच बसवताना घालायच्या द्रवासाठी) थोडे राखून ठेवा.

ही निवड करताना मी तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधलेला नाही. तुमच्या यंत्रात कोणते लेझर आहेत, तुमच्या ऊतीत न रंगवताच काय चमकतं, आणि तिघांतलं सगळ्यात दुर्मीळ प्रथिन कोणतं, हे तीन प्रश्न एकत्र सोडवले की डाय आपोआप ठरतात. दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या ऊतीवर याच तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतील आणि डायही बदलतील. म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

एफआयटीसी उडतो यात तुमची चूक नाही. फ्लुओरेसिन हा रेणू अॅडॉल्फ फॉन बायरने १८७१ मध्ये बनवला. अँटिबॉडीला चमकणारा रेणू जोडायची कल्पना हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्सने १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि पुढे फ्लुओरेसिन हाच त्या पद्धतीचा मुख्य रंग झाला. तो मुळात मंद नाही. मोकळ्या रेणूचं क्वांटम यील्ड ०.९ च्या आसपास आहे, म्हणजे शोषलेल्या दहा फोटॉनांपैकी नऊ तो परत देतो. अडचणी तीन आहेत. पहिली पीएचची: ८ च्या वर तो पूर्ण चमकतो, पण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू मंद रूपात जातात तो आकडा) ६.४ च्या आसपास असल्याने पीएच ७ च्या खाली चमक बरीच उतरते आणि आम्लधर्मी बफरमध्ये ती जवळजवळ जाते. दुसरी अडचण अँटिबॉडीवरच्या गर्दीची. एकाच अँटिबॉडीवर बरेच फ्लुओरेसिन बसले की ते एकमेकांची चमक गिळतात. तिसरी तुम्ही रोज बघता ती. प्रकाश शोषलेला रेणू अधूनमधून ट्रिपलेट या जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत अडकतो, तिथे त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि त्या रासायनिक झटापटीत तो कायमचा विझतो. फ्लुओरेसिन या विझण्याला फार लवकर बळी पडतो. टीआरआयटीसी त्या मानाने टिकतो, पण अँटिबॉडीवर बसल्यावर त्याची चमक सुमारच राहते.

अलेक्सा ४८८ चं शोषण आणि उत्सर्जन एफआयटीसीसारखंच आहे, ४९५ आणि ५१९ नॅनोमीटर, त्यामुळे फिल्टर बदलावे लागत नाहीत. मात्र तो रोडामाइन कुळातला, सल्फोनेट गट लावलेला रेणू आहे. सल्फोनेटमुळे तो पाण्यात नीट विरघळतो, अँटिबॉडीवर गर्दी झाली तरी कमी विझतो, आणि पीएच ४ ते १० मध्ये त्याची चमक हलत नाही. रिचर्ड हॉगलंड यांनी पत्नी रोझारिया यांच्यासह १९७५ मध्ये सुरू केलेल्या मॉलिक्युलर प्रोब्ज या कंपनीत हे डाय तयार झाले आणि त्यांना नाव मिळालं ते हॉगलंड यांच्या मुलाचं, अॅलेक्सचं. याच जागेवर बसणारे सीएफ४८८ए, ॲटो ४८८, डायलाइट ४८८ हेही चांगले आहेत. किमतीत मोठा फरक असेल तर त्यांच्याकडे जरूर वळा. ४८८ च्या जागेसाठी ब्रँडवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

खरा विचार मधल्या जागेसाठी लागतो. ५६१ च्या लेझरसाठी विक्रेता तुमच्यापुढे अलेक्सा ५४६, ५५५, ५६८, ५९४ आणि साय ३ असे पाच डाय ठेवेल आणि पाचही चालतील म्हणेल. चालतात हे खरं, पण सारखे चालत नाहीत.

डायची चमक मोजायचं साधं गणित असं: तो किती प्रकाश शोषतो तो मोलर शोषण गुणांक, गुणिले क्वांटम यील्ड. अलेक्सा ४८८ साठी सुमारे ७३,००० गुणिले ०.९२, म्हणजे ६७,००० च्या आसपास. अलेक्सा ५६८ साठी सुमारे ९१,००० गुणिले ०.६९, म्हणजे ६३,००० च्या आसपास. अलेक्सा ५९४ साठी ९०,००० गुणिले ०.६६, म्हणजे ५९,०००. अलेक्सा ५५५ प्रकाश भरपूर शोषतो, दीड लाखाच्या वर, पण क्वांटम यील्ड फक्त ०.१० असल्याने गुणाकार १५,००० च्या घरात येतो. अलेक्सा ६४७ चं शोषण अडीच लाखांच्या आसपास आणि यील्ड ०.३३, म्हणजे ८०,००० च्या वर.

पण हा गुणाकार शिखरावरचा आहे, आणि तुमचा लेझर शिखरावर पडत नाही. नावातला आकडाही शिखर सांगत नाही. अलेक्सा ५६८ चं शोषणशिखर ५७८ ला आहे, ५४६ चं ५५६ ला. ५६१ च्या लेझरला अलेक्सा ५६८ शिखराच्या अर्ध्याहून जास्त शोषण देतो. अलेक्सा ५९४ चं शिखर ५९० ला असल्यामुळे ५६१ ला तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच शोषतो. म्हणजे कागदावर जवळजवळ सारखे दिसणारे हे दोन डाय तुमच्या यंत्रावर सारखे राहत नाहीत. लेझर ५९४ चा असता तर मी उलट सांगितलं असतं. ५९४ चा एक गुण मात्र मान्य करायला हवा: हिरव्या रंगापासून तो जास्त दूर आहे, त्यामुळे जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) आणि लाल अशी दुरंगी जोडी फिल्टरच्या मायक्रोस्कोपवर बघायची असेल तर तो सोयीचा पडतो. तीन रंग आणि वर ६४७ असेल तेव्हा तोच गुण अडचण होतो, कारण त्याची शेपटी दूरच्या लालकडे सरकते.

साय ३ आणि अलेक्सा ५५५ ला तक्त्यावरून मोडीत काढू नका, हेही सांगते. सायनिन कुळातल्या डायचा रेणू मधल्या साखळीभोवती वळतो आणि वळताना शोषलेली ऊर्जा वाया घालवतो. प्रथिनावर बसला की वळणं अडतं आणि यील्ड वाढतं. साय ३ मोकळा असताना ०.०४ च्या आसपास असतो, अँटिबॉडीवर बसल्यावर काही पटींनी वाढतो. म्हणून तक्त्यात गरीब दिसणारा साय ३ स्लाइडवर चांगला दिसतो आणि टिकतोही. पाऱ्याच्या दिव्यावर तर तो फारच छान दिसतो, कारण पाऱ्याची एक जोरदार रेषा ५४६ नॅनोमीटरला आहे.

त्या जुन्या मायक्रोस्कोपबद्दल इथेच. पाऱ्याचा दिवा सगळ्या रंगांत सारखा प्रकाश देत नाही. ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७८ च्या आसपास त्याच्या रेषा आहेत. ४८८ ला तो बेताचा आणि ६४० ते ६५० ला अगदीच दुबळा. त्यामुळे अलेक्सा ६४७ त्या मायक्रोस्कोपवर दिसला नाही म्हणून स्टेनिंग फसलं असं समजू नका. भर म्हणजे ६६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला आपल्या डोळ्याची संवेदनशीलता शिखराच्या जेमतेम पाच टक्के असते. आयपीसमधून काळं दिसणं हे तिथे अपेक्षितच आहे. कित्येक विद्यार्थी उत्तम सी-फॉसचे सेक्शन याच कारणासाठी टाकून देतात, हे बघून वाईट वाटतं. त्या मायक्रोस्कोपवर हिरवा आणि ५६८ तपासा. ६४७ साठी कॉन्फोकल किंवा चांगला कॅमेरा हवा.

आता ऊतीकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘अठरा महिने’ हा आहे. म्हाताऱ्या चेतापेशींमध्ये लायपोफ्युसिन साठतं. हे पिवळसर कण अतिनील प्रकाशापासून हिरव्या प्रकाशापर्यंत जवळजवळ कशानेही चमकतात आणि त्यांचा प्रकाश हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो. ते केंद्रकाला चिकटून, ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. ४८८ आणि ५६१ या दोन्ही चॅनेलमध्ये ते ठळक असतात, ६४० मध्ये बरेच कमी. शिवाय पेशींतल्या नेहमीच्या रेणूंपैकी फ्लेव्हिन हिरव्यात चमकतात, एनएडीएच निळ्यात, आणि परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुऊन काढणं) नीट झालं नसेल तर रक्तवाहिन्यांमधल्या लाल पेशी सगळीकडे त्रास देतात.

सी-फॉस हे तिघांतलं सगळ्यात अवघड प्रथिन. ते फक्त नुकत्याच उद्दीपित झालेल्या चेतापेशींच्या केंद्रकात असतं, एका केंद्रकात भरपूर तर शेजारच्यात पुसट, आणि तुम्हाला नेमकी ती पुसट केंद्रकंच मोजायची असतात. अशा प्रथिनाला ऊतीची पार्श्वभूमी सगळ्यात काळी असेल तो चॅनेल द्यावा. म्हाताऱ्या मेंदूत तो ६४० चा. जीएफएपी भरपूर असतं, ॲस्ट्रोसाइटच्या तंतूंचा आकार ओळखायला सोपा असतो, लायपोफ्युसिनच्या ठिपक्यांशी त्याची गल्लत होत नाही. म्हणून सगळ्यात घाणेरडा, म्हणजे हिरवा चॅनेल त्याला. न्यूएनही भरपूर, तो मधल्या चॅनेलमध्ये सहज निभावतो.

तरुण उंदीर असते तर मी सी-फॉस ५६८ मध्ये ठेवायला हरकत घेतली नसती. दूरच्या लालची किंमत मोजावी लागतेच. रिझोल्यूशन तरंगलांबीबरोबर ढासळतं: १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते तो आकडा) लेन्सला ५२० नॅनोमीटरवर ते सुमारे २२७ नॅनोमीटर येतं, ६६५ वर सुमारे २९०. जुन्या मल्टिअल्कली डिटेक्टरची लालमधली पकडही कमी असते. पण तुम्ही केंद्रकं मोजताय, ती काही मायक्रॉन रुंद आहेत. सिनॅप्सचे ठिपके मोजत असता तर हा साठ नॅनोमीटरचा फरक मनाला लावून घ्यावा लागला असता.

दुसरं एक कारण आहे आणि ते माझ्या मते जास्त महत्त्वाचं. सी-फॉस आणि न्यूएन एकाच केंद्रकात असतात. एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये गळला तर प्रत्येक चेतापेशी सी-फॉसची दिसेल, आणि चित्र इतकं सुंदर दिसेल की शंकाही येणार नाही. ५६८ आणि ६४७ मध्ये ही गळती रोखणं सोपं आहे. ६४० चा लेझर अलेक्सा ५६८ ला जवळजवळ हलवतच नाही. ५६१ चा लेझर ६४७ ला थोडा हलवतो, पण त्याचा प्रकाश ६६५ च्या आसपास येतो आणि न्यूएनचा डिटेक्टर ५७० ते ६२० वर लावला की तो बाहेरच राहतो. अट एकच: चॅनेल एकामागून एक स्कॅन करा, सगळे लेझर एकत्र चालू ठेवून नाही. हिरव्याची शेपटी मात्र ५६८ च्या चॅनेलमध्ये थोडी येऊ शकते. आली तरी ती ॲस्ट्रोसाइटच्या तंतूंच्या आकारात येईल, केंद्रकाच्या आकारात नाही, आणि तुम्हाला ओळखता येईल. आकार वेगळे असलेली प्रथिनं शेजारच्या रंगांत, आकार सारखे असलेली प्रथिनं गळती रोखता येईल अशा रंगांत, हा विचार डाय निवडताना फार कमी जण करतात.

चौथा रंग म्हणून अलेक्सा ४०५ घेऊन डॅपी सोडावा का, असंही कुणी सुचवेल. नको. ४०५ डायचं शोषण ३५,००० च्या आसपास, म्हणजे इतरांच्या निम्म्याहून कमी, आणि निळ्यात मेंदूची स्वतःची चमक भरपूर. ती जागा केंद्रकांसाठीच ठेवा.

ॲटो ६४७एनबद्दल तुमची मैत्रीण चुकीचं सांगत नाही. दीड लाख शोषण, ०.६५ यील्ड, आणि टिकाऊपणात तो अलेक्सा ६४७ पेक्षा सरस. ७७५ नॅनोमीटरच्या डिप्लीशन लेझरवर स्टेड (एक सुपर-रिझोल्यूशन पद्धत) करायचं असेल तर तो किंवा अॅबेरिअर स्टार कुळातले डाय मीही सुचवते. पण हा रेणू पाणी टाळणारा आणि धनभारित आहे, त्यामुळे चरबीला, पटलांना, मायटोकॉन्ड्रियाला चिकटतो. मेंदू म्हणजे मायलिनचं, म्हणजे चरबीचंच कोठार. ४० मायक्रॉनच्या तरंगत्या सेक्शनमध्ये ही चिकट पार्श्वभूमी धुऊन निघत नाही, आणि सी-फॉसच्या पुसट केंद्रकांसाठी राखलेला काळा चॅनेल करडा होतो. टिकाऊपणा मिळवायच्या नादात नेमका जो फायदा हवा होता तो जातो. अलेक्सा ६४७ खरोखर फार लवकर उडतोय असं तुमच्या यंत्रावर दिसलं, तर सीएफ६४०आर बघा. तो साय ५ च्या कुळातला नसून रोडामाइन कुळातला आहे आणि स्कॅनिंगला जास्त तग धरतो.

पुढे कुणी स्टॉर्म (डायच्या लुकलुकण्यावर चालणारी सुपर-रिझोल्यूशन पद्धत) करणार असेल तर अलेक्सा ६४७ च हवा, कारण योग्य बफरमध्ये तो ज्या तऱ्हेने लुकलुकतो तसं फार थोड्या डायना जमतं. आणि एक्सपान्शन मायक्रोस्कोपी (ऊती जेलमध्ये फुगवून बघणं) करणार असाल तर नेमका तोच नको: जेल तयार होताना निघणारे मुक्त मूलक अलेक्सा ६४७ सारखे सायनिन डाय नष्ट करतात, अलेक्सा ४८८ आणि ॲटो ६४७एन मात्र टिकतात. एकाच फ्रिजमधल्या एकाच कुपीबद्दल दोन प्रयोगांत अशी उलटी उत्तरं येतात.

फायकोएरिथ्रिन हे नाव फ्लो सायटोमेट्रीवाले मित्र सांगतील. त्याचं शोषण सुमारे वीस लाख आहे, चमकेत त्याला तोड नाही. पण ते २४० किलोडाल्टनचं प्रथिन आहे, १५० किलोडाल्टनच्या अँटिबॉडीपेक्षाही मोठं. तुमच्या सेक्शनमध्ये ते खोल शिरणार नाही आणि लेझरखाली झपाट्याने उडेल. फ्लोमध्ये पेशी लेझरसमोर क्षणभरच असते म्हणून तिथे ते राजा. क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे चमकणारे अतिसूक्ष्म कण) जवळजवळ उडत नाहीत, पण त्यांचंही आकारमान आडवं येतं.

सेकंडरी मागवताना डायपेक्षा जास्त लक्ष तिच्या शुद्धीकरणाकडे द्या. तीन प्रायमरी तीन वेगळ्या प्राण्यांतल्या आहेत हे उत्तम. तिन्ही सेकंडरी एकाच प्राण्यातल्या घ्या, सगळ्या गाढवातल्या किंवा सगळ्या शेळीतल्या, म्हणजे त्या एकमेकींना पकडणार नाहीत. उद्या शेळीतली प्रायमरी वापरायची शक्यता असेल तर आत्ताच गाढवातल्या घ्या. प्रत्येकीवर ‘हायली क्रॉस-ॲडसॉर्ब्ड’ (इतर प्राण्यांच्या अँटिबॉडी पकडणारा भाग काढून टाकलेली) असं लिहिलेलं असावं, आणि कोणत्या प्राण्यांच्या प्रथिनांविरुद्ध, तेही वाचावं. न्यूएनचा प्रश्न वेगळा आहे: उंदराच्या ऊतीवर उंदराची प्रायमरी. साधी अँटी-माउस सेकंडरी ऊतीतल्या मूळच्या अँटिबॉडीही पकडते आणि रक्तवाहिन्या उजळतात. ए६० हा आयजीजी१ वर्गाचा क्लोन आहे, म्हणून फक्त आयजीजी१ पकडणारी सेकंडरी घ्या आणि परफ्युजन मनापासून करा. जीएफएपीची प्रायमरी कोंबडीतली, म्हणजे आयजीवाय या पक्ष्यांमधल्या प्रकारची. तिला ससा किंवा उंदीर धरणारी कोणतीही सेकंडरी चालणार नाही.

कुणी स्वतः अँटिबॉडीला डाय जोडायच्या विचारात असेल तर एवढंच: एका अँटिबॉडीवर साधारण दोन ते सात रेणू पुरेत. जास्त जोडले तर चमक वाढत नाही, उलट ते एकमेकांना विझवतात आणि अँटिबॉडीची पकडही सैल होते. एनएचएस एस्टर (अमाइन गटांना जोडला जाणारा डायचा प्रकार) वापरताना बफरमध्ये ट्रिस किंवा बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) असेल तर डाय त्यांनाच जाऊन बसतो.

एवढं करूनही सी-फॉस पुसटच राहिला तर आणखी चमकदार डाय शोधू नका, सिग्नल वाढवा. टायरामाइडची पद्धत त्यासाठी आहे: सेकंडरीवर एचआरपी हा एन्झाइम, आणि तो आसपासच्या प्रथिनांवर टायरामाइड लावलेल्या डायचे असंख्य रेणू चिकटवत जातो. दहापट किंवा त्याहून जास्त वाढ मिळते. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतले मूळचे पेरॉक्सिडेज शांत करावे लागतात, आणि सोडियम अझाइड असलेला बफर त्या टप्प्यावर अजिबात नको, तो एचआरपीला बंद पाडतो. मात्र ही वाढ सरळ प्रमाणात होत नाही. सी-फॉस असलेली केंद्रकं मोजायला ती उत्तम, एका केंद्रकात दुसऱ्याच्या किती पट सी-फॉस आहे हे सांगायला चालणार नाही.

लायपोफ्युसिनसाठी ७० टक्के इथेनॉलमधलं ०.१ टक्का सुदान ब्लॅक बी हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. स्टेनिंग पूर्ण झाल्यावर, माउंट करण्याआधी काही मिनिटं ठेवून नीट धुवा. त्यानंतर ट्रायटन हा डिटर्जंट असलेला बफर वापरू नका, तो हे काळं द्रव्य धुऊन काढतो. सुदान ब्लॅक लालकडे स्वतःची थोडी पार्श्वभूमी टाकतं, तेव्हा ते लावलेला पण न रंगवलेला एक सेक्शन ६४० खाली आधी बघून घ्या.

माउंटिंग मीडियमवर इतके कमी पैसे खर्च होतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. डायचा टिकाऊपणा जितका रेणूत असतो तितकाच त्याच्याभोवतीच्या द्रवात असतो, कारण ऑक्सिजन आणि मूलकांना अडवण्याचं काम तो द्रव करतो. घरी बनवायचं असेल तर ९० टक्के ग्लिसरॉल, पीएच ८.५ च्या आसपासचा ट्रिस बफर आणि डाय उडणं रोखणारं अडीच टक्के डॅबको किंवा एन-प्रोपिल गॅलेट. हे स्वस्त आणि चांगलं आहे, फक्त कडा नेलपॉलिशने बंद कराव्या लागतात आणि स्लाइड फार महिने ठेवता येत नाही. पॅरा-फेनिलीनडायअमाइन असलेलं मीडियम जुनं होऊन तपकिरी पडतं आणि साय २ या हिरव्या डायचा नाश करतं. तुम्हाला स्लाइड वर्षभर परत परत बघायच्या आहेत, म्हणून घट्ट होणारं मीडियम घ्या. ऑइल लेन्सने ४० मायक्रॉन खोल बघणार असाल तर घट्ट झाल्यावर अपवर्तनांक १.५२ होणारं प्रोलाँग ग्लाससारखं मीडियम घ्या. काच आणि तेल त्याच आकड्याच्या आसपास असतात, त्यामुळे खोलवरची केंद्रकं धूसर होत नाहीत. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच, म्हणजे १.५ नंबरची.

अशी मीडियम घट्ट व्हायला चोवीस तास किंवा जास्त लागतात, आणि हवा कोरडी लागते, सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत. जुलैत मुंबईत किंवा कोकणात बाकावर ठेवलेली स्लाइड दुसऱ्या दिवशीही ओलीच असते. मग कव्हरस्लिप सरकते, लेन्सला मीडियम लागतं आणि दोष डायवर येतो. पावसाळ्यात स्लाइड आडव्या, अंधारात, डीह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीत ठेवा आणि दुप्पट वेळ द्या. घट्ट होण्याआधी फ्रिजमध्ये टाकू नका.

मायक्रोस्कोपवर बसल्यावर उडणं कमी करायचे मार्ग साधे आहेत. जागा शोधताना दिवा मंद ठेवा आणि न्यूएनच्या चॅनेलमध्ये शोधा, सी-फॉसच्या नाही. लांब तरंगलांबीपासून सुरू करा: आधी ६४०, मग ५६१, मग ४८८, शेवटी ४०५. कारण ४०५ आणि अतिनील प्रकाश सगळ्याच डायना त्रास देतात, शिवाय जोरदार अतिनील पडला की डॅपीचा काही भाग हिरव्यात चमकू लागतो आणि केंद्रकं अचानक ४८८ मध्ये दिसायला लागतात. अलेक्सा ६४७ वर लेझर फार चढवला तर त्याचेही काही रेणू कमी तरंगलांबीकडे सरकतात, म्हणजे तुमच्या न्यूएनच्या चॅनेलकडे. लेझर कमी, डिटेक्टरचा गेन थोडा जास्त, आणि गोंगाट वाटला तर दोन-चार स्कॅनची सरासरी.

डाय टिकाऊ आहे का, हे कंपनीच्या आलेखावरून ठरवू नका. त्यांचा दिवा, त्यांचा बफर वेगळा असतो. तुमच्याच स्लाइडवरची एक कोपऱ्यातली जागा निवडा, नेहमीच्या सेटिंगला तीच जागा ५० वेळा स्कॅन करा आणि फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी तीव्रता काढून आलेख मांडा. तुमच्या एका झेड-स्टॅकला (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांच्या चळतीला) जितके स्कॅन लागतात तितक्यात तीव्रता दहा टक्क्यांहून कमी घटत असेल तर तो डाय तुमच्यासाठी पुरेसा टिकाऊ आहे, आणि त्याहून महागडा घेण्यात अर्थ नाही. हीच चाचणी दोन माउंटिंग मीडियमवर करा. दोन डायमध्ये दिसेल त्यापेक्षा मोठा फरक तिथे दिसू शकतो.

कंट्रोलचे सेक्शन पहिल्याच दिवशी बनवा: अजिबात न रंगवलेला, फक्त सेकंडरी लावलेला, आणि प्रत्येक रंग एकेकटा लावलेले तीन. सगळे त्याच सेटिंगला, चारही चॅनेलमध्ये बघा. सी-फॉसशिवाय न्यूएन लावलेल्या सेक्शनमध्ये ६४० चा चॅनेल काळा दिसला, तरच पुढच्या मोजणीला आधार आहे.

कुपी आल्यावर बर्फ शिल्लक आहे का ते बघा, लॉट नंबर वहीत लिहा आणि ती अंधारात ४ अंशांवर ठेवा. जास्त दिवस टिकवायची असेल तर निम्मं ग्लिसरॉल घालून उणे २० ला ठेवा, म्हणजे ती गोठत नाही. ग्लिसरॉलमुळे द्रावणातलं अँटिबॉडीचं प्रमाण निम्मं होतं हे डायल्यूशन ठरवताना लक्षात ठेवा. वापरण्याआधी दरवेळी दहा मिनिटं पूर्ण वेगाने सेंट्रिफ्यूज करा आणि वरचंच द्रावण घ्या. तळाला बसलेले गोळे सेक्शनवर पडले की चमकदार ठिपके म्हणून दिसतात. नवी कुपी जुन्या डायल्यूशनवर तशीच वापरू नका: १:२५०, १:५००, १:१००० आणि १:२००० असे चार सेक्शन करून सिग्नल आणि पार्श्वभूमीचं गुणोत्तर जिथे सगळ्यात चांगलं येतं ते घ्या. बऱ्याचदा ते तुम्ही आजवर वापरत होता त्याहून पातळ निघतं, आणि तीच कुपी दुप्पट दिवस पुरते.